बाहुलीच्या घराचं दार

आज मी तुम्हाला एका दाराविषयी सांगणार आहे. हे दार वाड्याचं नाही, देवळाचं नाही. साडेबारा सेंटिमीटरही उंची नाही आणि रुंदी पावणेपाच सेंटिमीटर, म्हणजे पत्त्याच्या पानापेक्षा बरंच उंच आणि थोडं अरुंद. कारखान्यात चौतीस वर्षं ड्रॉइंग बोर्डापुढे घालवलेल्या माणसाला हे एवढंसं दार करून बसवायला जवळजवळ सव्वा महिना लागला. त्यात दोन दारं वाया गेली, ती वेगळीच.

२०१८ च्या उन्हाळ्यात आम्ही दोघं लेकीकडे इंग्लंडमध्ये, रेडिंगला होतो. आम्ही पोचण्याच्या दोन महिने आधी तिच्या घरी चोरी झाली होती. भरदुपारी, घरात कुणी नसताना, मागचं दार फोडून. कुणाला इजा झाली नाही, थोडे दागिने गेले. पण शाळेतून आलेल्या सहा वर्षांच्या नातीनं ते फुटलेलं दार पाहिलं होतं. तेव्हापासून रात्री झोपायच्या आधी ती तीन-तीनदा खाली जाऊन दाराची कडी बघून यायची. कुणी रागावलं नाही, कुणी समजूतही घालत बसलं नाही. आपोआप कमी होईल, असं सगळ्यांनी धरलं होतं.

तिकडे बाजारपेठेत धर्मादाय संस्थांची दुकानं असतात. लोक नको झालेले कपडे, पुस्तकं, भांडी, खेळणी आणून देतात आणि ती स्वस्तात विकून आलेला पैसा संस्थेच्या कामाला जातो. अशाच एका दुकानात खिडकीशी बाहुलीचं घर ठेवलेलं होतं. प्लायवुडचं, दुमजली, चार खोल्यांचं. दर्शनी भिंतीला विटांच्या नक्षीचा कागद चिकटवलेला. किंमत पंधरा पौंड. एवढी कमी का, ते घरी आणल्यावर नीट कळलं. पुढच्या दाराची फळी एकाच बिजागरीवर लोंबत होती, वरची बिजागरी चौकटीचं लाकूड घेऊनच उखडली होती. फळीला मधोमध चीर गेलेली, आणि आधीच्या मालकानं त्यावर चिकटपट्टीचे तीन-चार थर दिलेले.

नातीनं दोन दिवसांत घरात पलंग, टेबल, खुर्च्या मांडल्या. पण बाहुल्यांचं कुटुंब मात्र बुटांच्या खोक्यातच राहिलं. "दार लागत नाही ना, आबा. ते तिथं झोपणार नाहीत," असं तिनं मला सरळ सांगितलं. मग मी कामाला लागलो.

आपल्याकडे भातुकलीत भांडी असतात, चूल असते, जातं असतं. घर मात्र नसतं. घर म्हणजे खाटेखालची जागा किंवा दोन साड्यांचा आडोसा. मुलं दिवाळीत किल्ला करतात, त्याला पुठ्ठ्याचा दरवाजा लावतात, पण तो उघडमीट करण्यासाठी नसतो. युरोपात मात्र बाहुलीच्या घराची परंपरा साडेचारशे वर्षांहून जुनी आहे. बव्हेरियाच्या पाचव्या आल्ब्रेख्त या ड्यूकनं १५५७-५८ मध्ये असं एक घर बनवून घेतलं होतं. ते १६७४ च्या आगीत जळालं, पण त्यातल्या वस्तूंची १५९८ सालची यादी उरली आहे. ॲमस्टरडॅमच्या राइक्स म्युझियममध्ये पेट्रोनेला ऊर्टमन या श्रीमंत बाईंचं सतराव्या शतकाच्या अखेरीचं घर आजही बघायला मिळतं. ही मुलांची खेळणी नव्हती. हौशी श्रीमंतांची ती दाखवायची कपाटं होती. मुलांच्या हाती ही घरं पडली ती बऱ्याच उशिरा, कारखान्यात ती बनू लागल्यावर.

रेडिंगपासून विंडसरचा राजवाडा जवळ आहे. तिथं क्वीन मेरी राणीसाठी बनवलेलं, १९२४ मध्ये पुरं झालेलं घर काचेआड ठेवलं आहे. ते आखलं एडविन लट्यन्स यांनी. नवी दिल्लीची आखणी करणारे आणि आजचं राष्ट्रपती भवन बांधणारे तेच हे लट्यन्स. एकीकडे रायसिना टेकडीवर एवढं थोरलं काम चालू होतं आणि दुसरीकडे हा माणूस बाहुल्यांच्या वाड्याचे जिने आखत होता. त्या घरात वीज आहे, चालणाऱ्या लिफ्ट आहेत, नळाला पाणी आहे, आणि ग्रंथालयात नामवंत लेखकांनी त्यासाठीच लिहून दिलेली चिमुकली पुस्तकं आहेत. त्यांत शेरलॉक होम्सचे जनक कॉनन डॉयल यांचंही एक आहे. या घराचं प्रमाण एकास बारा. आणि आमच्या दाराचा पहिला घोटाळा नेमका या प्रमाणावरून झाला.

एकास बारा म्हणजे खऱ्या घरातल्या एक फुटाला बाहुलीच्या घरात एक इंच. फूट-इंचांत मोजणाऱ्या देशाला हा हिशेब सोयीचा, म्हणून तो रूढ झाला. सहा फुटांचा पुरुष सहा इंचांचा होतो. इंग्लंडात घरातलं नेहमीचं दार साडेसहा फूट उंच आणि अडीच फूट रुंद असतं. एकास बारा प्रमाणात ते सुमारे १६५ मिलिमीटर उंच आणि ६३ मिलिमीटर रुंद होईल. बाजारात चौकटीसकट तयार दारं मिळतात ती बहुधा याच मापाची. लेकीनं मोठ्या उत्साहानं त्यातलं एक मागवलं. आलं ते सुंदर होतं, पण आमच्या घरापुढे ते ठेवलं तर थेट वरच्या मजल्याच्या खिडकीला भिडलं.

दोष दुकानदाराचा नव्हता, आमचाच होता. आम्ही मोजलंच नव्हतं. आमच्या दाराची मोकळी जागा १२४ मिलिमीटर उंच आणि ४८ मिलिमीटर रुंद निघाली. तिला सोळानं गुणलं की जवळजवळ साडेसहा फूट आणि अडीच फूट येतात. म्हणजे घर एकास सोळा प्रमाणाचं होतं. विसाव्या शतकाच्या मध्यावर मुलांसाठी बनलेली पुष्कळ घरं या मापाची असतात. स्वीडनची लुंडबी ही प्रसिद्ध घरं तर साधारण एकास अठरा. तेव्हा जुनं घर घेतलं की पहिलं काम पट्टी लावण्याचं. दाराची उंची मोजा आणि साडेसहा फुटांना, म्हणजे १९८० मिलिमीटरना, त्या आकड्यानं भागा. बारा, सोळा, अठरा, चोवीस यांच्या आसपास जो आकडा येईल तो त्या घराचा. त्यानंतरच खुर्च्या-टेबलं विकत घ्या.

मोठं दार कापून लहान करता येणार नाही का, असं जावईबापूंनी विचारलं. साधी सपाट फळी असती तर कापता आली असती. पण हे दार तावदानी, चार चौकोनांचं. असं दार कडेनं कापलं तर कडेच्या पट्ट्याच नाहीशा होतात आणि दाराचा चेहरा बिघडतो. इथं तर उंचीतून ४१ मिलिमीटर काढायचे होते. ते दार परत पाठवलं.

आता प्रश्न असा, की जुनं दार दुरुस्त करावं की नवं करावं? माझा कल दुरुस्तीकडे होता. जुन्या वस्तूचा जुना भाग होता होईल तो फेकू नये, हे मी मानतो. घर खरोखर दुर्मीळ असेल तर त्याची किंमत त्याच्या मूळ भागांत असते. तिथं नव्या चकचकीत दारापेक्षा तडा गेलेलं मूळ दार बरं. चीर गोंदानं जुळवता आली असती, बिजागरीजागी लाकडाची नवी चकती बसवता आली असती.

पण चिकटपट्टी काढताना तिच्याबरोबर रंगाचे पापुद्रे आले. पांढऱ्याखाली मळकट पिवळा, त्याखाली गडद हिरवा. रंगाचे असे थर दिसले की थांबायचं. जुन्या तैलरंगांत शिसं असे, रंग टिकावा आणि लवकर वाळावा म्हणून. हे शिसं पोटात गेलं तर लहान मुलांच्या मेंदूवर परिणाम करतं, आणि झालेला परिणाम मागे फिरत नाही. आपल्याकडे घरगुती रंगांतलं शिसं दहा लाख भागांत ९० भागांच्या वर नसावं असा नियम २०१६ मध्ये झाला आणि नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या रंगाबद्दल खात्री कुणी द्यायची? जुना पाळणा, जुना घोडा, जुनी खिडकी, सगळीकडे हा विचार करायला हवा. तिकडे हार्डवेअरच्या दुकानात रंगातलं शिसं तपासायच्या कांड्या मिळतात. रंगाला बारीक चीर देऊन कांडी घासायची, तिचा रंग पालटला की शिसं आहे असं समजायचं. आमच्या दाराच्या हिरव्या थरावर ती पालटली. भिंती, खिडक्या, जिना इथं मात्र पालटली नाही.

तिथं माझा निर्णय झाला. शिशाचा रंग भिंतीवर स्वस्थ पडून असेल आणि त्यावर नवा रंग चढवला तर तो फारसा त्रास देत नाही. पण दार स्वस्थ पडून नसतं. ते दिवसातून पन्नास वेळा चौकटीला घासतं आणि प्रत्येक वेळी थोडी भुकटी पडते. ती भुकटी नातीच्या बोटांना लागणार आणि बोटं तोंडात जाणार. म्हणून फळी नवी करायची. चौकटीच्या आतल्या घासणाऱ्या कडांवरचा रंग मी अंगणात बसून काढला, हातमोजे आणि मास्क घालून, पाण्यानं ओला करकरून. कोरडा पॉलिश पेपर अशा रंगावर कधीही मारू नये. त्यानं भुकटी हवेत उडते. पुसायची फडकी पिशवीत बांधून टाकून दिली. हे चालू असताना नातीला घराबाहेर काढलं होतं. त्याबद्दल ती दिवसभर फुगून बसली.

चौकट साफ झाल्यावर मापं पुन्हा घेतली, या वेळी तिरपी. चौकट काटकोनात आहे की नाही हे ओळखायची सोपी खूण म्हणजे दोन्ही कर्ण सारखे भरले पाहिजेत. आमचे कर्ण दीड मिलिमीटरनं वेगळे होते. दीड मिलिमीटर काय मोठंसं, असं वाटेल. पण त्याचा अर्थ वरचा भाग एका अंगाला दोन मिलिमीटर कलला आहे, आणि सोळापटीनं हिशेब केला तर खऱ्या घरात तो सव्वा इंचाचा कल होतो. अशा चौकटीत अगदी गुण्यात केलेली फळी घातली तर एक कोपरा अडकतो आणि समोरच्या कोपऱ्यात फट पडते. चौकट भिंतीत पक्की होती, ती सरळ करणं म्हणजे भिंतच उघडणं. म्हणून आकड्यांवर विसंबलो नाही. चौकटीमागे जाड कागद धरून आतल्या कडेनं पेन्सिल फिरवली आणि तो नमुना कापून घेतला. गावाकडे जुन्या घरात नवी फळी बसवणारा सुतार हेच करतो. तो चौकटीला नावं ठेवत नाही, फळीला तिच्यासारखी वाकडी करतो.

नमुन्यातून फट वजा करायची. इथं एक गंमत आहे. दार सोळापट लहान झालं तरी रंग सोळापट लहान होत नाही. लाकडाचा फुगवटा, हाताची चूक, रंगाचे दोन हात, हे सगळं आपल्या मूळ मापानंच येतं. खऱ्या दाराभोवती तीन मिलिमीटर फट ठेवतात. तिचा सोळावा भाग म्हणजे दोन कागदांची जाडी. एवढी फट ठेवली तर पहिल्या रंगातच दार चिकटून बसेल. म्हणून प्रमाणाचा आग्रह इथं सोडायचा आणि दोन्ही बाजूंना अर्धा ते पाऊण मिलिमीटर मोकळं ठेवायचं. मी पोस्टकार्डाचे दोन तुकडे एकावर एक ठेवून ती फट तपासत असे.

आता फळी. खऱ्या तावदानी दाराची रचना उगाच शोभेची नाही. लाकूड पावसाळ्यात आडवं फुगतं, उन्हाळ्यात आडवं आकसतं, लांबीत मात्र फारसं बदलत नाही. अख्ख्या रुंद फळीचं दार केलं तर ते जुलैत अडकणार आणि एप्रिलमध्ये फट दाखवणार. म्हणून सुतारांनी अरुंद पट्ट्यांची चौकट केली आणि तिच्या खाचेत पातळ फळ्या सैल बसवल्या. फुगल्या तरी खाचेतल्या खाचेत फुगतात, दाराचं माप तेच राहतं. बाहुलीच्या दारात एवढी गरज नसते, पण दिसायला ते तसं दिसलं पाहिजे. त्यासाठी मधे एक पातळ प्लाय आणि दोन्ही अंगांना पट्ट्या, असं तीन थरांचं सँडविच करायचं.

पट्ट्यांसाठी लाकूड शोधत होतो. बाल्सा नावाचं मऊ लाकूड नवशिक्यांना सुचवतात. दाराला ते घेऊ नका, नखानंही दबतं आणि कडा टिकत नाहीत. आइस्क्रीमची काडी फार जाड. शेवटी काम झालं ते कॉफी ढवळायच्या लाकडी काड्यांवर! हॉटेलात दुधा-साखरेशेजारी त्यांचा पेला भरलेला असतो. काडी सहा मिलिमीटर रुंद आणि एक-सव्वा मिलिमीटर जाड. सहाला सोळानं गुणा, ९६ मिलिमीटर येतात. म्हणजे खऱ्या दाराच्या कडेच्या पट्टीएवढी रुंदी आयतीच मिळाली. आमची ही मात्र कॉफी न घेता काड्या उचलायला तयार नव्हती, त्यामुळे या दाराचा कॉफीचा खर्च घराच्या किमतीपेक्षा जास्त झाला.

दोन उभ्या पट्ट्या पूर्ण उंचीच्या, आडव्या त्यांच्या मधे. सर्वांत खालची आडवी पट्टी दुप्पट रुंद, कारण खऱ्या दारात तीच लाथा आणि पाणी सोसते. मधली कुलपाची, तीही रुंद. वरची एकेरी. मधून एक उभी पट्टी गेली की चार चौकोन झाले. पहिल्या दारात मी एका बाजूच्या पट्ट्या गोंदानं लावल्या आणि वाळू दिल्या. सकाळी फळी होडीसारखी वळलेली! गोंदातल्या पाण्यानं एकच बाजू फुगली आणि वाळताना तीच आखडली. कारखान्यात हे मी दुसऱ्यांना समजावून सांगत असे, आणि इथं स्वतः विसरलो. दोन्ही बाजूंच्या पट्ट्या एकाच बैठकीत लावायच्या, गोंद पुसटसा लावायचा, वर-खाली प्लास्टिकचा कागद घालून वजनाखाली रात्रभर ठेवायचं. आमच्याकडे वजन म्हणून पाककृतींचा जाडजूड ग्रंथ होता.

बिजागरीची गोष्ट जरा सावकाश सांगतो, कारण निम्मी दारं तिथंच बिघडतात. बाजारात इवल्याशा पितळी बिजागऱ्या मिळतात. त्यांचे खिळे शिवणाच्या सुईएवढे. दिसतात देखण्या, पण तीन मिलिमीटरच्या कडेत ते खिळे ठोकताना लाकूड फुटतं, आणि मुलानं जरा जोरात दार ओढलं की उखडतं. आमचं जुनं दार असंच गेलं होतं. कापडाची पट्टी चिकटवून केलेली बिजागरी टिकते, पण दार सैल डुलतं. मला आठवले आमच्या आजोळच्या वाड्याचे दरवाजे. त्यांना बिजागऱ्या नव्हत्याच. फळीच्याच वरच्या-खालच्या टोकाला काढलेल्या खुंट्या चौकटीतल्या खळग्यांत फिरायच्या. तेच इथं करायचं, लाकडी खुंटीऐवजी टाचणी घ्यायची. फळीच्या वर एक टाचणी, खाली एक टाचणी, आणि चौकटीत वर-खाली एकेक भोक. सगळा भार उभ्या रेषेत येतो आणि ओढलं तरी उखडायला काही उरत नाही.

फळीच्या कडेला टाचणीसाठी भोक पाडायला गेलो आणि दुसरं दार गमावलं. तीन मिलिमीटर जाडीत एक मिलिमीटरचं भोक सरळ पाडणं माझ्या हाताला जमलं नाही, ड्रिल अंगातून बाहेर आलं. मग शहाणपण सुचलं. भोक पाडायचंच कशाला? फळी तीन थरांची आहे. मधल्या प्लायलाच, पट्ट्या चिकटवण्यापूर्वी, वरून आणि खालून दहा-दहा मिलिमीटरची उभी खाच कापून घेतली, कडेपासून दोन मिलिमीटर आत. दोन्ही अंगांनी पट्ट्या बसल्या की खाचेचं आपोआप भोक होतं, तेही अगदी मधोमध. टाचणीचं डोकं छाटून ती एपॉक्सीनं त्यात पक्की केली.

एवढ्यानं दार फिरत नाही. टाचणी कडेपासून आत असल्यामुळे फळी फिरताना तिच्या बिजागरीकडच्या कडेचे कोपरे चौकटीला टेकतात. हिशेब सोपा आहे. टाचणीपासून कड दोन मिलिमीटर आणि फळीची अर्धी जाडी दीड मिलिमीटर, तर टाचणीपासून कोपरा अडीच मिलिमीटर पडतो. म्हणजे कोपऱ्याला कडेपेक्षा अर्धा मिलिमीटर जास्त जागा लागते, आणि आपली सगळी फट तेवढीच. म्हणून ही कड पॉलिश पेपरनं गोल करायची, टाचणी मध्यबिंदू धरून. पेन्सिलीच्या पाठीसारखी गोल झाली की दार विनातक्रार फिरतं. तयार दार नीट उघडत नसेल तर आधी ही कड बघा. बहुतेक वेळा ती चौकोनी राहिलेली असते.

दार बसवायचं कसं? वरची टाचणी भोकात घातली की खालची घालायला जागाच नाही, चौकट भिंतीत पक्की. यावर उपाय उंबरठ्याचा. आमचा उंबरठा म्हणजे चिकटवलेली एक पट्टी होती, ती सुरीच्या पात्यानं अलगद सोडवली. आधी वरची टाचणी वर घातली, मग उंबरठ्याच्या भोकात खालची टाचणी घेऊन उंबरठा जागेवर सरकवला, आणि सगळं नीट फिरतं हे बघून मगच त्याला गोंद लावला. फळी उंबरठ्याला घासू नये म्हणून खालच्या टाचणीत एक काळा मणी ओवला, हिच्या शिवणाच्या डब्यातला. त्या मण्याची जाडी फळीच्या उंचीतून आधीच वजा केलेली असावी लागते. माझी होती, हे अभिमानानं सांगतो.

रंग बसवण्याआधी द्यायचा, पातळ, दोन हात. चकचकीत रंग नको. एवढ्याशा दारावर तो प्लास्टिकसारखा दिसतो. नातीनं हिरवा निवडला, जुन्या थरातला हिरवा तिनं पाहिला होता. मूठ म्हणून गोल डोक्याची पितळी टाचणी, आरपार घालून मागून वळवलेली.

उरलं दार लागणं. दार मिटताना कुठं थांबेल ते ठरवायला चौकटीला बाहेरच्या अंगानं एक बारीक पट्टी लावली, तिला टेकून ते थांबतं. काही लोक मिटलेलं राहावं म्हणून कडेत चुंबकाचे दाणे बसवतात. लहान मूल असलेल्या घरात कृपा करून ते करू नका. असे दोन दाणे गिळले गेले तर ते आतड्याच्या दोन वेटोळ्यांतून एकमेकांना ओढून धरतात आणि आतड्याला भोक पडतं, ऑपरेशनची वेळ येते. आम्ही पट्टीला लोकरीच्या कापडाचा तुकडा चिकटवला, त्याच्या घर्षणानं दार जागी राहतं.

पण नातीनं बोटानं ढकललं आणि दार उघडलं. "हे लागलं नाही. नुसतं मिटलंय," ती म्हणाली. बरोबरच होतं तिचं. कडी करायला गेलो तर एवढ्या मापात माझी बोटं चालेनात. पुन्हा आजोळचा वाडा मदतीला आला. त्या दरवाजाला आतून अडसर असायचा. भिंतीतून ओढून काढलेलं आडवं लाकूड, ते लावलं की दहा माणसांनी ढकललं तरी दार हलायचं नाही. दाराच्या दोन्ही बाजूंना आतून तारेचे दोन आकडे बसवले, उरलेल्या कॉफीच्या काडीचा तुकडा त्यांत आडवा टाकला. इंग्रजी घराला मराठी अडसर. दार आत उघडतं म्हणून हे जमलं. बाहेर उघडणारं असतं तर अडसराचा उपयोग नव्हता.

त्या रात्री बाहुल्या खोक्यातून घरात गेल्या. मला राहवलं नाही. या घरांची पुढची अख्खी भिंतच कपाटाच्या दारासारखी उघडते, त्याशिवाय मुलांचे हात आत जाणार कसे? मी विचारलं, "अगं, ही सगळी भिंत उघडते, मग अडसर कशाला?" ती म्हणाली, "ते आपल्याला माहीत आहे, आबा. चोराला माहीत नाही." खालच्या मजल्यावर कडी बघायला ती त्यानंतरही जात होती, पण ऑगस्टअखेर एकदाच. आम्ही निघालो तेव्हाही एकदा जातच होती.

जुनं दार मी टाकलं नाही. घट्ट बंद होणाऱ्या पिशवीत घातलं, वर रंगात शिसं असल्याचं ठळक अक्षरांत लिहिलं आणि लेकीच्या माळ्यावर, मुलीचा हात पोचणार नाही असं ठेवलं. पिशवीत एक चिठ्ठी आहे. चौकटीचा कागदी नमुना, घराचं प्रमाण एकास सोळा, लाकूड कशाचं, गोंद कोणता, आणि उंबरठा सोडवायचा तर पातं डावीकडून घालावं, एवढं त्यात लिहिलं आहे. पुढे कुणाला हे दार बदलावंसं वाटलं तर त्याला पहिल्यापासून सुरुवात करावी लागणार नाही.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)